मिठाआधीचे लोण

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे की तिच्यातले शब्द सुटे करून पाहावेत असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. सुटे केले तर दिसते की या तीन शब्दांत मिठाची दोन नावे आहेत. एक उघड आहे. दुसरे 'अळणी'च्या पोटात आहे. संस्कृतात 'अलवण' म्हणजे ज्यात लवण नाही ते. दोन स्वरांमधल्या 'ल'चा मराठीत 'ळ' होतो. फलचे फळ झाले, जलचे जळ झाले, तसे अलवणचे अळणी झाले. चव गेली हे सांगायला आपण अजून जुना शब्द वापरतो, आणि चव आणणाऱ्या वस्तूला मात्र दुसऱ्याच नावाने हाक मारतो. हे दुसरे नाव आले कुठून, पहिले मागे का पडले, आणि मागे पडूनही ते कुठे कुठे तग धरून राहिले? या प्रश्नावर गेल्या दोन शतकांत कोशकारांनी बरेच काम केले आहे. त्याचा आढावा घ्यायचा तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारपासून निघावे असे मला वाटते, कारण मिठाची जवळजवळ सगळी नावे या एका गावात थरावर थर साचावेत तशी सापडतात.

लोणारचे सरोवर जगाला ठाऊक आहे ते उल्कापाताच्या विवरामुळे. काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आहे. तो किती जुना, यावर एकमत नाही. आधीच्या एका मोजणीत वय सुमारे बावन्न हजार वर्षे आले होते, तर नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले, आणि त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेले. भूशास्त्रज्ञांना, जीवशास्त्रज्ञांना इथे आयुष्यभराचे काम आहे. पण गावाचे नाव ठेवणाऱ्यांना उल्का ठाऊक नव्हती. त्यांना दिसले ते पाणी, आणि उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर उरणारा पांढरा खार. त्यावरून त्यांनी नाव दिले.

ते नाव कसे घडले याची तीन स्पष्टीकरणे मांडली जातात.

सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण कथेचे आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहत होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, त्याच्या बिळावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याला मारले. विवर म्हणजे दैत्याची गुहा, आणि पाण्याचा खारटपणा त्याच्या देहातून आलेला. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ या कथेवर उभे आहे, आणि त्याच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहण्यासाठी तरी लोणारला जावे असे ते देऊळ आहे. नामव्युत्पत्ती म्हणून मात्र ही कथा उलट्या दिशेने चालते. गावाला आधीच लोणार म्हणत होते, म्हणून दैत्याला लवणासुर हे नाव मिळाले, असेच मानणे सयुक्तिक ठरते. रामायणाच्या उत्तरकांडातही एक लवणासुर आहे. त्याला शत्रुघ्नाने मारले, आणि त्याच्या बापाचे नाव मधू. गोडाच्या पोटी खारट जन्मल्याची ही वंशावळ कुणी रचली कोण जाणे. पण मराठी भाषेत पुढे जे घडले त्याच्याशी ती इतकी जुळते की नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

उरलेली दोन स्पष्टीकरणे ध्वनिशास्त्राची आहेत आणि दोन्ही नियमाला धरून आहेत. सुवर्णकारचा सोनार, लोहकारचा लोहार, कुंभकारचा कुंभार, तसा लवणकारचा लोणार, म्हणजे मीठ करणारा. लोणारी समाजाचे नाव याच वाटेने आले. मीठ पिकवणे हा त्यांचा जुना धंदा. पुढे चुना भाजणे आणि कोळसा पाडणे ही कामे त्यांच्याकडे आली आणि नावातले मीठ तसेच राहिले. दुसरी वाट 'लवण' आणि 'आकर' किंवा 'आगार' यांची, म्हणजे मिठाची खाण किंवा कोठी. भांडागारचे भांडार, कोष्ठागारचे कोठार, तसे लवणागारचे लोणार. मला ही दुसरी वाट गावाला अधिक साजते असे वाटते, कारण इथे मीठ माणसाने करावे लागत नव्हते. ते जागेतच होते. कोणतीही वाट धरली तरी मुळाशी लोण आहेच. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींच्या लीळा सांगणाऱ्या लीळाचरित्रात हे गाव लोणार म्हणूनच येते. मराठी गद्याच्या पहिल्या पिढीइतके तरी हे रूप जुने आहे.

आता या लोणाकडे नीट पाहू. ऋग्वेदात लवण हा शब्द येत नाही, अथर्ववेदात येतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला पाण्यात विरघळलेल्या लवणावरून ब्रह्म समजावतो. पाणिनीने मीठ विकणाऱ्यासाठी 'लावणिक' हा शब्द सिद्ध करून दाखवला आहे. परंपरेने लवणाचा संबंध 'लू' म्हणजे कापणे या धातूशी लावला. आधुनिक अभ्यासकांना तो तितकासा पटत नाही. पुढचा प्रवास मात्र वादाचा नाही. 'अव'चा 'ओ' झाला आणि प्राकृतात लोण आले. तिथून गुजरातीत आणि पंजाबीत लूण, सिंधीत लूणु, ओडियात लुण, सिंहलीत लुणु. बंगालीत आणि नेपाळीत शब्दातला शेवटचा 'न' पहिल्या 'ल'ला आपल्याकडे ओढून बसला आणि नुन झाले. काश्मिरी नून चहातला नूनही हाच. रॅल्फ टर्नर यांनी १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात हे सगळे कूळ एका ठिकाणी मांडलेले आहे. त्या नोंदीवरून नजर फिरवली की पंजाबपासून श्रीलंकेपर्यंत एकच शब्द रोजच्या जेवणात फिरताना दिसतो.

मराठीतही तो फिरत होता. आजही फिरतो, पण जोडशब्दांच्या आडून. उपवासाला चालते ते शेंदेलोण म्हणजे सिंधूकडचे लोण, संस्कृतातले सैंधव लवण. पोटाच्या तक्रारीवर आजी ताकात घालत असे ते पादेलोण. आता दुकानात सैंधव मीठ आणि काळे मीठ असेच मागितले जाते. शेंदेलोण म्हणणारी पिढी आपल्या डोळ्यांदेखत सरते आहे, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. शब्द बदलण्याची जी क्रिया काही शतकांपूर्वी साध्या मिठाच्या बाबतीत पूर्ण झाली, तिचे हे शेवटचे टोक आपण पाहतो आहोत. लोणचे मात्र पक्के आहे. मिठात मुरवलेले ते लोणचे. तेल आणि मोहरी त्याला नंतर चिकटली.

लोण सर्वांत खोल टिकले ते दृष्ट काढण्यात. निंबलोण उतरणे म्हणजे कडुनिंबाचा पाला आणि मीठ ओवाळून टाकणे. आज आपण मीठमोहऱ्या ओवाळतो, क्रिया तीच. पण लडिवाळ बाळावरून किंवा घरी परतलेल्या वीरावरून 'निंबलोण उतरावे' असेच लिहिले आणि बोलले गेले. विधीची भाषा रोजच्या भाषेपेक्षा हळू बदलते, हे इथे अगदी लख्ख दिसते.

दुसरे टिकलेले ठिकाण खेळाचे मैदान. आट्यापाट्यांत सगळ्या पाट्या ओलांडून खेळाडू परत येतो तेव्हा तो लोण घेऊन येतो. हुतुतूत सगळा संघ बाद झाला की लोण चढते. आणि या मैदानावरून शब्द थेट सभेत आणि वर्तमानपत्रात गेला. 'चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले' हे वाक्य लिहिताना आपण मिठाचे नाव घेतो आहोत हे कुणाच्या गावीही नसते. हे लोण खरेच मीठ आहे का, अशी शंका कुणी घेऊ शकेल. बंगालमधल्या दाडियाबांधा या आट्यापाट्यांच्या भावंडात एका घराला लवणघर म्हणतात. तेवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. शत्रूच्या ओळींतून वाट काढत मीठ घरी आणायचे, हा त्या खेळाचा जुना आशय असावा. समुद्रापासून शेकडो मैल आत राहणाऱ्या माणसांनी मिठाभोवती खेळ रचला, यात मला नवल वाटत नाही.

कुळात घुसलेले तोतयेही आहेत. लोणी हा त्यातला सर्वांत मोठा. ते 'नवनीत'पासून आले. नवनीतातही 'अव'चा 'ओ' झाला आणि दोन 'न' जवळ आल्याने पहिल्याचा 'ल' झाला. लवणाचे नुन होताना 'ल'चा 'न' झाला होता, नवनीताचे लोणी होताना बरोबर उलटे घडले. म्हणून लोणकढे तूप आणि लोणकढी थाप यांचा मिठाशी संबंध नाही. लोणावळ्याचाही नाही, ते नाव लेण्यांवरून आले असे मानले जाते.

आता मीठ. या शब्दाचे मूळ काय, यावर कोशकारांत फारसे दुमत नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये आला. त्याआधी ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये आला होता, आणि पुढे टर्नरचा कोश. या परंपरेत मीठ हा शब्द मृष्ट किंवा मिष्ट या शब्दाशी जोडला जातो. दृष्टीची दीठ झाली, मुष्टीची मूठ झाली, तसे मृष्टाचे मीठ झाले. हिंदीतला मीठा, आपली मिठाई आणि पोपटाचे मिठू मिठू हे सगळे याच घरातले. म्हणजे ज्या पदार्थाला सगळा उत्तर भारत खारट म्हणतो, त्याला मराठी माणूस अक्षरशः 'गोड' म्हणतो. कोकणी माणूसही म्हणतो, आणि गुजरातीत तर 'मीठुं' हा एकच शब्द विशेषण म्हणून गोड आणि नाम म्हणून मीठ असे दोन्ही अर्थ आजही वागवतो. गुजरात, कोकण, देश, वऱ्हाड, गोवा असा हा सलग पट्टा आहे.

इथून पुढे 'का' हा प्रश्न सुरू होतो, आणि खरा वाद तिथे आहे.

एक मत असे की हा निषेधाचा प्रकार आहे. मीठ ही जपून नाव घ्यायची वस्तू. रात्री ते कुणाला देऊ नये, हातावर हात ठेवून देऊ नये, सांडू नये, असे दंडक घरोघर होते. अशा वस्तूला सरळ नावाने न बोलावता शुभ नाव द्यायचे, ही आपल्या भाषेची सवय आहे. दिवा विझत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना 'येतो' म्हणायचे. रोगाला देवी म्हणायचे. मग खाऱ्या वस्तूला गोड म्हटले तर त्यात अवघड काय? गुजरातेत नव्या वर्षाच्या पहाटे दारावर मीठ येते ते 'सबरस' या नावाने, म्हणजे सगळे रस असलेले. तेही शुभनामच.

दुसरे मत मृष्टाच्या मूळ अर्थाकडे बोट दाखवते. मृज् म्हणजे घासणे, स्वच्छ करणे. मृष्ट म्हणजे घासूनपुसून लखलखीत केलेले, त्यावरून नीट सिद्ध केलेले, त्यावरून रुचकर. मिष्ट हे रूप तर प्राकृतातल्या 'मिट्ठ'ला पुन्हा संस्कृत पोशाख चढवून घडले असे अभ्यासक मानतात. या शब्दात साखर सुरुवातीपासून नव्हती. होती ती चव. 'मीठ' नपुंसकलिंगी आहे हेही लक्षात घ्यावे. 'रुचकर ते' असे विशेषणच नाम होऊन बसले. हिंदीने चवीचा अर्थ गोडाकडे नेला, मराठीने आणि गुजरातीने तो मिठाकडे नेला. मराठीला ते सोपे गेले, कारण गोडासाठी तिच्याकडे गुळाच्या कुळातला 'गोड' हा शब्द होता. लोणारच्या काठावर खाऱ्या सरोवराशेजारी धारेचे पिण्याजोगे पाणी पडते, त्यालाही आपण गोड पाणीच म्हणतो. मिठे पाणी म्हणत नाही.

या दोहोंत माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. निषेध हेच मूळ कारण असते तर जिथे मिठाची धास्ती सर्वांत जास्त, त्या दृष्ट काढण्याच्या विधीत जुने नाव आधी गळले असते. तिथेच तर लोण ठाण मांडून बसले आहे. यावर उत्तर देता येते, आणि ते हलके नाही: विधीत खऱ्या नावालाच बळ असते, म्हणून तिथे ते राखले आणि इतरत्र टाळले. हा युक्तिवाद मी खोडून काढू शकत नाही. पण अळणीचे काय? लोणच्याचे, शेंदेलोणाचे काय? ही स्वयंपाकघरातली रोजची नावे, त्यांत भीतीचा मागमूस नाही, तरी लोण तिथे बिनधास्त वावरते. म्हणून चवीवरून नाव पडले आणि शुभ बोलण्याच्या सवयीने ते घट्ट केले, असा क्रम मला पटतो.

सतराव्या शतकापर्यंत कारभाराच्या मराठीत मीठ पूर्ण रुळले होते. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातून स्वस्त येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर आपल्या मुलखातले मीठ पडून राहील, असा त्याचा आशय. व्यापाराचे इतके नेमके भान असलेल्या त्या पत्रात शब्द आहे तो मीठ. त्याच काळात फारसी नमकही दरबारातून आले होते. निमकहराम हा शब्द आपण जसाच्या तसा घेतला, आणि निष्ठेची तीच कल्पना 'खाल्ल्या मिठाला जागणे' अशी आपल्या शब्दातही मुरली. दक्षिणेकडून कानडी उप्पु आले ते उप्पिटात: उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. सौंदर्याला लावण्य म्हणतो ते तर सरळ लवणाचे भाववाचक नाम आहे, आणि फारसीतही नमक म्हणजे देखणेपणाची गोडी. खारटपणात सौंदर्य पाहणारे आपण एकटे नाही. लावणी याच लावण्यातून आली की 'लावणे' या क्रियापदातून, हा वाद वेगळा आणि लांबलचक आहे.

वऱ्हाडात मिठाची आणखी एक बाजू आहे. समुद्र दूर, म्हणून मीठ बैलांच्या पाठीवरून येई, आणि ते आणणाऱ्या लमाणांचे नाव लवणापासूनच आले असे एक मत आहे. जमीन मात्र खारी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांतून जातो, आणि तिथल्या विहिरींचे पाणी पिकाला आणि माणसाला दोघांनाही जड जाते. १९३० मध्ये दांडीची हाक आली तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला अशाच खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. किनारा नसलेल्या मुलखाने आपल्या मातीतून मीठ काढले, ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असे मला वाटते.

आणि पुन्हा लोणारकडे. आइन-इ-अकबरीत इथल्या सरोवराची नोंद आहे: काच आणि साबण करायला लागणारे द्रव्य इथे मिळते आणि त्यातून बराच महसूल येतो. यातून कळते की लोणारचे लोण बहुतांशी ताटातले नव्हते. पाण्यात खायच्या मिठाबरोबर सोडाही भरपूर आहे, म्हणूनच ते इतके अल्कधर्मी आहे. काठावरून खार काढणाऱ्यांना हा भेद हाताला आणि जिभेला कळत होता. त्यांनी प्रतवारी केली आणि प्रत्येक प्रतीला नाव दिले. १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी या भूशास्त्रज्ञांनी सरोवरावर लिहिले तेव्हा ही नावे नोंदली गेली: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ज्या प्रतीत खायच्या मिठाचा अंश मोठा, तिला निमक दल्ला. गावाच्या नावात लोण, मालाच्या नावात निमक, घरच्या डब्यात मीठ, आणि शेताच्या नावात खार. संस्कृत, फारसी, प्राकृत यांची सारी घडण एका विवराच्या काठावर बोलली जात होती.

सरोवर आता अभयारण्य आहे आणि खार काढण्याचा धंदा इतिहासजमा झाला आहे. तसे होणे सरोवरासाठी योग्यच होते. पण खुप्पल कशाला म्हणत, पापडी कोणत्या महिन्यात धरे, भुस्की हातात घेतली की कशी लागे, हे सांगणारे शब्द धंद्याबरोबर जातात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. त्यात रोजच्या वस्तूंची नावे गावोगाव जाऊन विचारली जातात. लोणार, मेहकर आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मिठाचा, खाराचा आणि पाण्याच्या चवीचा शब्दसंग्रह असाच वेगळा गोळा करायला हवा. मीठ कसे उतरवतात, खाऱ्या पाण्याच्या किती जाती सांगतात, शेंदेलोण हा शब्द कोणत्या वयापर्यंतच्या तोंडी आहे, हे वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बायांना आत्ताच विचारले पाहिजे.